नेपथ्यगृह आणि भटारखाना : मुंबईच्या मराठी वस्त्यांतील दोन मागील दारें

प्रस्तुत लेखाचा विषय मुंबईंतील नाट्यगृहें व उपाहारगृहें यांचा मागील भाग हा आहे. तिकीट काढून आलेला प्रेक्षक किंवा पैसे मोजून जेवणारें गिऱ्हाईक ज्या भागांत जात नाहीं, तो मागील भाग होय. नाटकाच्या बाजूस त्यांत रंगपट, कपडेपट व विंगा येतात. खानावळीच्या बाजूस भटारखाना, कोठी व मोरी येतात. गिरगांव, दादर, परळ व लालबाग या वस्त्यांचा सांस्कृतिक इतिहास आजवर पुष्कळांनीं लिहिला आहे. परंतु तो बहुधा दर्शनी दारांतून आंत शिरून व खुर्चीवर बसून लिहिलेला आहे. कोणतें नाटक कोणत्या सालीं झालें, नायिकेची भूमिका कोणीं केली, कोणतें पद पुन्हां म्हणावें लागलें, हें सर्व आपणांस वाचावयास मिळतें. नायिकेचें लुगडें कोणीं नेसविलें, पडदा कोणीं ओढला, प्रयोग संपल्यावर हीं माणसें कोठें जेवलीं व कोठें निजलीं, यांचा उल्लेख झालाच तर ओझरता होतो. ही उणीव केवळ तपशिलाची नाहीं. तिच्यामुळें समाजेतिहासाचें आकलनच एकांगी होतें, असें दाखविण्याचा येथें यत्न केला आहे.

नाट्य आणि अन्न यांची ही सांगड ओढूनताणून घातली आहे, असें कोणी म्हणेल. वस्तुतः ती जुनीच आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत ज्यांचें अन्न सेवन करूं नये अशांची लांबलचक यादी आहे. तींत शैलूषाचें, म्हणजे नटाचें नांव आहे. नटाचा खेळ पाहणाऱ्या समाजानें नटाच्या घरचें जेवूं नये, असा हा दंडक होता. दुसरें टोक आपल्या संविधानांत सांपडतें. इ. स. १९५० मध्यें अमलांत आलेल्या या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदांत असें सांगितलें आहे कीं, धर्म, वंश, जाति, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाहि नागरिकास दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें, हॉटेलें व सार्वजनिक करमणुकीचीं ठिकाणें यांत प्रवेश नाकारतां येणार नाहीं. उपाहारगृह व करमणुकीचें ठिकाण येथें एकाच वाक्यांत शेजारीं शेजारीं बसलीं आहेत. मात्र हें वचन प्रवेशाचें, म्हणजे पुढल्या दाराचें आहे. मागल्या दाराचा इतिहास निराळा आहे आणि तोच येथें पाहावयाचा आहे.

१. शब्द व माप

आज मराठींत 'नेपथ्य' म्हणजे रंगमंचावरील देखावा, अशी समजूत रूढ आहे. संस्कृतांत या शब्दाचा मूळ अर्थ वेष, भूषण, साजशृंगार असा आहे. तो साज ज्या जागीं चढवावयाचा तें नेपथ्यगृह. आणि पुढें लक्षणेनें पडद्यामागील सर्व जागेस नेपथ्य म्हणूं लागले. शाकुंतलाच्या आरंभीं सूत्रधार नेपथ्याकडे दृष्टि टाकून नटीस विचारतो कीं, तिकडील तयारी संपली असल्यास इकडे यावें. संस्कृत नाटकांत 'नेपथ्ये' अशी रंगसूचना जेथें येते, तेथें बोलणारा दिसत नाहीं, पण त्याच्या शब्दानें कथेस कलाटणी मिळते. दुर्वासाचा शाप हें याचें सर्वांत मोठें उदाहरण. ज्या वचनावर सबंध शाकुंतल उभें आहे, तें वचन रंगपीठावर उच्चारलेंच जात नाहीं. तें नेपथ्यांतून ऐकूं येतें. सारांश, प्राचीन नाटककारांच्या दृष्टीनें नेपथ्य हें मुकें नव्हतें.

तें लहानहि नव्हतें. भरताच्या नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायांत प्रेक्षागृहाचीं मापें दिलीं आहेत. विकृष्ट, चतुरस्र व त्र्यस्र असे तीन आकार, आणि ज्येष्ठ, मध्यम व कनिष्ठ अशीं तीन प्रमाणें. त्यांपैकीं मनुष्यांसाठीं मध्यम गृह योग्य मानलें असून तें लांबीस ६४ हात व रुंदीस ३२ हात सांगितलें आहे. याहून मोठें केल्यास शब्द अस्पष्ट होतो व मुखावरील भाव दिसत नाहीं, असें कारणहि दिलें आहे. या लांबीचे दोन सारखे भाग करावे. पुढला अर्धा प्रेक्षकांस द्यावा. मागल्या अर्ध्याचे पुन्हां दोन भाग करून एकांत रंगपीठ व रंगशीर्ष, आणि अगदीं शेवटल्यांत नेपथ्यगृह करावें. म्हणजे ३२ हात रुंद व १६ हात खोल इतकी जागा नेपथ्यास मिळते. हात दीड फुटाचा धरिला तर ती ४८ फूट बाय २४ फूट भरते. संपूर्ण वास्तूचा बरोबर चौथा हिस्सा! तेथून रंगाकडे येण्यास दोन दारें असावीं व त्या दोन दारांच्या मध्यें वाद्यवृंद बसावा, असेंहि शास्त्र सांगतें.

आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पहिल्या अध्यायांतील कथेप्रमाणें पहिल्या प्रयोगावर विघ्नांनीं घाला घातला, तेव्हां विश्वकर्म्याकडून नाट्यगृह बांधवून त्याच्या प्रत्येक भागास एकेक देवता रक्षक म्हणून नेमण्यांत आली. नेपथ्यभूमीचें रक्षण मित्राकडे देण्यांत आलें. ज्या भागास स्वतंत्र माप, स्वतंत्र दारें व स्वतंत्र रक्षक आहे, तो भाग शास्त्रकारांस अडगळीचा वाटत नव्हता, हें उघड आहे.

२. तिकिटाची खिडकी

विष्णुदास भावे यांनीं इ. स. १८४३ सालीं सांगलीस 'सीतास्वयंवर' सादर केलें, तेव्हां यजमान संस्थानिक होते व प्रेक्षक त्यांचे निमंत्रित होते. दहा वर्षांनीं, इ. स. १८५३ सालीं, भावे यांच्या मंडळीनें मुंबईस ग्रँट रोडवरील नाट्यगृहांत प्रयोग केले. हें नाट्यगृह जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकारानें इ. स. १८४६ मध्यें उभें राहिलें होतें. येथें यजमान बदलला. संस्थानिकाच्या जागीं तिकीट काढणारा अनोळखी गृहस्थ आला. या एका फरकानें वास्तूचे पुढचा व मागचा असे दोन भाग पूर्वीं नव्हते इतके कडक झाले. पुढील भागांत दरांप्रमाणें प्रतवारी आली. मागील भागास पहारा आला, कारण जें पैसे देऊन पाहावयाचें तें फुकट दिसतां कामा नये. पुढें या भागांत नाट्यगृहांची एवढी दाटी झाली कीं, 'प्लेहाऊस' या इंग्रजी शब्दाचा 'पिला हाऊस' असा अपभ्रंश होऊन तें वस्तीचेंच नांव पडलें. वस्तीस नांव मिळालें तेंहि असें दर्शनी बाजूचें.

त्यानंतरच्या संगीत नाटकाच्या काळांत मागील भागाचा संसार फार वाढला. नाटकमंडळी म्हणजे केवळ नट नव्हेत. तिच्याबरोबर पडदे, कपड्यांच्या पेट्या, पेटीवाले, तबलजी, रंगविणारे, कपडेपट सांभाळणारे, पडदे ओढणारे, आणि या सर्वांस दोन वेळ जेवूं घालणारे आचारी असत. गांवोगांव मंडळीचें 'बिऱ्हाड' पडे, तेथें पंगती उठत. वर सांगितलेला मनूचा दंडक ध्यानांत घेतला म्हणजे या बिऱ्हाडाचा एक अर्थ उमगतो. ज्या नटास लोकांच्या पंगतींत निःशंकपणें स्थान नव्हतें, त्यानें आपली पंगत आपल्याबरोबर बांधून नेली. नाट्यगृहाचें नेपथ्य रात्रीं संपत असे; मंडळीचें नेपथ्य बिऱ्हाडाच्या चुलीपर्यंत पोंचलेलें असे.

दिनांक ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईच्या बालीवाला नाट्यगृहांत गंधर्व नाटक मंडळी व ललितकलादर्श यांनीं टिळक स्वराज्य फंडासाठीं 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग केला. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. शंभर वर्षांनंतरहि त्या रात्रीच्या गाण्याची व फंडास मिळालेल्या रकमेची चर्चा सरत नाहीं. परंतु दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या त्या रात्रीं एका नेपथ्यांत कशा नांदल्या, आरसा कोणास कोणता मिळाला, कोणत्या मंडळीचा माणूस पडद्याच्या दोरीस उभा राहिला, हे प्रश्न कोणी विचारीत नाहीं. माझ्या मतें त्या प्रयोगाचें खरें 'संयुक्तत्व' पडद्यामागेंच पाहावयास मिळालें असतें. कारण पदें वांटून घेणें सोपें, जागा वांटून घेणें कठीण.

मागील भागाकडून लिहिलेलें साहित्य अगदींच नाहीं असें मात्र नाहीं. ललितकलादर्शचे पडदे व देखावे रंगविणारे पु. श्री. काळे यांनीं 'ललितकलेच्या सहवासांत' हें आत्मकथन लिहिलें आहे. रंगविणाऱ्याच्या जागेवरून रंगभूमि कशी दिसते, हें जाणून घेण्यास असे ग्रंथ नटांच्या चरित्रांइतकेच महत्त्वाचे आहेत. पण चरित्रांच्या तुलनेनें ते फार थोडे.

३. दिवाणखाना

दिनांक १ जुलै १९३३ रोजीं नाट्यमन्वंतर या संस्थेनें 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणलें. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीं करणें व गुंडाळीच्या पडद्यांऐवजीं भिंती-दारांची खरीखुरी वाटेल अशी खोली उभी करणें, या दोन गोष्टींसाठीं त्या प्रयोगाचें नांव इतिहासांत आहे. दोहोंचा परिणाम मागील भागावर झाला. ज्योत्स्ना भोळे यांच्यासारख्या कुलीन स्त्रिया नाटकांत आल्या, तेव्हां पुरुषांच्या एकाच रंगपटावर भागेना. नेपथ्याचे दोन भाग करणें प्राप्त झालें. नाट्यगृहांत स्त्रियांची बसण्याची व्यवस्था पूर्वींपासून होती. मागल्या बाजूस त्यांस वेष करण्यासाठीं दार लावतां येईल अशी जागा हवी, हा विचार मात्र नवा होता.

दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. रंगमंचावर जी खोली आली ती बहुधा दिवाणखाना होती. घरांत पाहुण्यासाठीं जी जागा राखलेली, तीच प्रेक्षकांस दाखवावयाची. तेव्हांपासून मराठी सामाजिक नाटकांत एक पात्र 'चहा आणतें' म्हणून उठून विंगेंत जातें. स्वयंपाकघर म्हणजे विंग. म्हणजे घरांतील पुढची व मागची अशी जी विभागणी माजघराच्या उंबरठ्यावर झालेली होती, ती जशीच्या तशी रंगमंचाच्या कडेवर येऊन बसली. खऱ्या घरांत जी स्त्री आंत राबत होती, ती नाटकांतहि चहाचे पेले घेऊन बाहेर येण्यापुरतीच दिसे. नाट्यगृह व अन्नगृह यांच्या नेपथ्यांची गांठ येथें पडते.

याच्या उलट रीति तमाशाची. लालबागच्या हनुमान थिएटरासारख्या ठिकाणीं एके काळीं गिरणगांवांतील प्रेक्षक जो तमाशा पाहात, त्यांत ढोलकीवाला, तुणतुणेवाला व झीलकरी हे सर्व वेळ प्रेक्षकांच्या दृष्टीसमोर उभे असत. ज्याचें काम संपलें तो त्यांच्यांतच मागें सरे. भरतानें नेपथ्याच्या दोन दारांमध्यें बसविलेला वाद्यवृंद, ज्यास आपण हीन समजलों त्या तमाशानेंच आपल्या जागीं राखला. संगीत नाटकानें त्यास खालीं उतरवून रंगमंचापुढें बसविलें, व गद्य नाटकानें तर विंगेंत दडविलें.

४. पाटी व मोरी

आतां उपाहारगृहांकडे वळूं. येथें एक विलक्षण उलट प्रकार दिसतो. नाटकांत मागें काय चाललें आहे हें लपवावयाचें असतें. जुन्या खानावळींत मागें कोण आहे हें पाटीवर लिहावयाचें असे. 'ब्राह्मणाची खानावळ' अशी पाटी लागे, ती गिऱ्हाइकाची जात सांगण्यासाठीं नव्हे. ती आचाऱ्याची जात सांगण्यासाठीं असे. घर सोडून नोकरीसाठीं मुंबईस आलेला मनुष्य परक्या हातचें अन्न खाण्यास कचरत होता. त्याची शंका निवारण करण्यास भटारखान्याचें वर्णन दर्शनी दारावर आणावें लागलें. कालांतरानें जातीच्या जागीं शुचितेचा शब्द आला. दादरला इ. स. १९१० मध्यें निघालेल्या मामा काणे यांच्या उपाहारगृहाच्या नांवांत 'स्वच्छ' हें विशेषण होतें. या एका विशेषणांत मोठा सामाजिक बदल सांठविलेला आहे. 'कोणीं रांधलें' या प्रश्नाऐवजीं 'कसें रांधलें' हा प्रश्न पुढें आला. आणि दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर कोणत्याहि जातीचा मनुष्य देऊं शकतो.

तथापि पाटीवर आचारी आला, तरी मोरीवरचा माणूस कधींच आला नाहीं. उष्टीं काढणारा, ताटें घासणारा, कोळसा व पाणी आणणारा यांची जात, नांव व गांव यांविषयीं कोणी गिऱ्हाइकास आश्वासन दिलें नाहीं, कारण कोणीं तें मागितलेंच नाहीं. अशा रीतीनें मागील भागाचेहि दोन भाग झाले : एक सांगण्याजोगा, दुसरा न सांगण्याजोगा.

प्रसिद्ध वास्तूंचीहि हीच गति आहे. लोकमान्य टिळकांचें देहावसान १ ऑगस्ट १९२० रोजीं क्रॉफर्ड मार्केटजवळील सरदारगृहांत झालें. सरदारगृह हें उतारूंच्या निवासाचें ठिकाण होतें. लोकमान्यांची खोली इतिहासांत अमर झाली. मुंबईच्या मुक्कामांत त्यांच्यासाठीं ज्या हातांनीं चहा उकळला, त्यांस मात्र इतिहासांत नांव मिळालें नाहीं.

प्रवेशाचा प्रश्न या सुमारासच पुढें आला. दिनांक ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबई कायदेमंडळांत सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशानें बांधलेले किंवा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने यांचा उपयोग करण्यास अस्पृश्य मानलेल्या वर्गास मुभा असावी, असा त्याचा आशय होता. पाणवठ्यांबरोबर धर्मशाळा येथें आली हें महत्त्वाचें. कारण धर्मशाळा म्हणजे अतिथीची जागा. या ठरावापासून संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदापर्यंतचें अंतर सत्तावीस वर्षांचें आहे. त्या अवधींत पुढलें दार कायद्यानें उघडलें.

येथें एक स्वानुभव नमूद करितों. कांहीं वर्षें मीं दिवसाची शाळा सांभाळून परळच्या बाजूस एका रात्रशाळेंत शिकविलें. विद्यार्थी बहुतेक हॉटेलांत काम करणारे. एकदां वर्गांत 'नेपथ्य' शब्दाचा अर्थ विचारला असतां मागल्या बाकावरील एक मुलगा म्हणाला, "सर, म्हणजे आमची मोरी." वर्ग हंसला. मींहि त्यास शब्दार्थ बरोबर नसल्याचें सांगितलें व वेष, भूषण इत्यादि अर्थ फळ्यावर लिहून दिले. पुढें तो मुलगा सांगत असे कीं, ज्या उपाहारगृहांत तो तीन वर्षें होता त्याच्या दर्शनी दारानें तो एकदांहि आंत गेला नव्हता. कायद्यानें त्यास कोणी अडविलें नव्हतें. तें दार त्याच्यासाठीं नाहीं, हें त्यास कोणी सांगावेंहि लागलें नव्हतें. त्यावेळीं त्याचें उत्तर चूक ठरविणारा मीच चुकलों होतों, हें ध्यानांत येण्यास मला बरींच वर्षें लागलीं. या लेखाचें बीज त्या उत्तरांत आहे.

५. ज्या जागेस मागील भागच नाहीं

गिरणगांवांतील खानावळ हा या विवेचनांतील अपवाद होय आणि म्हणूनच तिचा विचार अवश्य आहे. गिरण्यांत काम करण्यास कोंकणांतून व घाटावरून आलेले पुरुष बहुधा कुटुंब गांवीं ठेवून एका खोलींत अनेकजण राहात. त्यांचें जेवण चाळींतीलच एखादी बाई आपल्या खोलींत करून घाली व महिन्याचे पैसे घेई. या खानावळीस पाटी नव्हती, गल्ला नव्हता, भिंतहि नव्हती. जेथें पोळी भाजली जाई तेथून चार हातांवर पंगत बसे. आणि पंगत उठल्यावर तीच जागा सारवून किंवा पुसून मुलें निजत. भरताच्या प्रेक्षागृहांतील चौथा हिस्सा व उरलेले तीन हिस्से येथें एकमेकांत मिसळून गेले होते. रांधणारी व जेवणारा यांस एकमेकांचें तोंड दिसे. अर्थात् त्यामुळें तिचे श्रम कमी झाले नाहींत. पण ती निनांवी राहिली नाहीं. गिऱ्हाइकें तिला मावशी म्हणत, आणि संप झाला म्हणजे तिच्याच उधारीवर जगत.

प्रेमा पुरव यांनीं इ. स. १९७५ मध्यें या खानावळवाल्या स्त्रियांची 'अन्नपूर्णा महिला मंडळ' ही संस्था उभी केली; सावकाराच्या तावडींतून त्यांस सोडवून बँकेचें कर्ज मिळवून देणें हा तिचा आरंभींचा उद्योग होता. त्यानंतर सात वर्षांनीं, १८ जानेवारी १९८२ रोजीं, दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं गिरणी कामगारांचा सार्वत्रिक संप सुरू झाला व त्यांतून गिरणगांव पुन्हां पहिल्यासारखें उभें राहिलें नाहीं. कामगार गेला तशी खानावळीची पंगतहि विरली. गिरणीच्या चिमणीचीं चित्रें आपण जपलीं. त्या खोल्यांचीं मापें जपलीं नाहींत.

नाटकाच्या क्षेत्रांतहि असा उसन्या नेपथ्याचा प्रकार होता. गिरगांवांत केशवजी नाईकांच्या चाळींत इ. स. १८९३ मध्यें सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. पुढें चाळीचाळींतून उत्सवांत नाटकें होऊं लागलीं, तेव्हां चौक हें प्रेक्षागृह, सज्जे ही बाल्कनी, आणि तळमजल्यावरील एखाद्या बिऱ्हाडाची खोली हा रंगपट, अशी व्यवस्था होई. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहांत इ. स. १९७४ पासून 'आविष्कार'नें प्रायोगिक नाटकांची जी चळवळ चालविली, तिचेंहि घर मुळांत नाटकासाठीं बांधलेलें नव्हतें. जेथें नेपथ्य उसनें असतें, तेथें तें देणारा शेजारी हाहि प्रयोगाचा भागीदार असतो.

६. परळचें दामोदर

वरील सर्व धागे एका वास्तूंत एकत्र आलेले पाहावयाचे असतील तर परळच्या दामोदर नाट्यगृहाकडे पाहावें. ना. म. जोशी यांनीं इ. स. १९११ मध्यें सोशल सर्व्हिस लीग ही संस्था स्थापिली. कामगारांसाठीं वाचनालयें, रात्रशाळा व करमणूक यांची सोय करणें हें तिचें काम. शेठ दामोदर ठाकरसी मूळजी यांचें नांव दिलेलें हें सभागृह इ. स. १९२२ मध्यें उभें राहिलें. गिरणींतील पाळी संपवून आलेले हौशी नट येथें नाटकें करीत. कामगार रंगभूमि म्हणून जी आपण म्हणतों तिचें हें माहेरघर. दिवसा यंत्रावर उभा असलेला मनुष्य रात्रीं तोंडास रंग लावून राजा होई.

परंतु या वास्तूचें महत्त्व रंगमंचापुरतें नाहीं. दिनांक ९ मार्च १९२४ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं याच दामोदर हॉलमध्यें सभा बोलाविली. तिच्या विचारविनिमयांतून २० जुलै १९२४ रोजीं बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, आणि तिचें कार्यालय याच ठिकाणीं होतें. ज्या समाजास अन्यत्र पुढलीं दारें बंद होतीं, त्याच्या चळवळीची कचेरी एका सभागृहाच्या आवारांत, एका खोलींत थाटली गेली. प्रयोगास आलेल्या प्रेक्षकाच्या दृष्टीनें ती खोली नाट्यगृहाच्या मागल्या बाजूचीच. पुढें रंगमंचावर कोणतें नाटक चाललें होतें तें विसरलें गेलें. खोलींत जें चाललें होतें त्यानें देशाचा इतिहास बदलला. दुर्वासाच्या वाणीप्रमाणें येथेंहि कलाटणी देणारा शब्द नेपथ्यांतून आला; फरक इतकाच कीं, हा शब्द शापाचा नसून शापमोचनाचा होता.

हें नाट्यगृह इ. स. २०२३ मध्यें पुनर्बांधणीसाठीं बंद झालें व नाट्यकर्मींनीं त्याविरुद्ध आवाज उठविला. नवी वास्तु उभी राहील तेव्हां तींत आसनें किती, वाहनें ठेवण्यास जागा किती, यांची चर्चा होईल. मागील भागास किती हात मिळतील, याचीहि चर्चा व्हावी.

७. समारोप

यावर एक आक्षेप संभवतो. पडदा आहे म्हणूनच रस आहे. नेपथ्य उघडें केलें तर नाट्याचा भंग होईल, आणि भटारखाना दाखविला तर जेवणाची रुचि जाईल. हा आक्षेप प्रेक्षकाच्या व जेवणाऱ्याच्या दृष्टीनें बरोबर आहे. परंतु इतिहासलेखक हा प्रेक्षक नव्हे. प्रयोग चालू असतां पडदा दूर करावा असें कोणी म्हणत नाहीं. प्रयोग संपल्यावर, दिवे मालवण्यापूर्वीं, त्यानें एकदां मागें जाऊन यावें इतकेंच म्हणणें आहे.

गिरगांवांतील मुंबई मराठी साहित्य संघाचें नाट्यगृह इ. स. १९६४ चें व दादरचें शिवाजी मंदिर इ. स. १९६५ चें. दोहोंनीं साठी गांठली आहे. चर्नी रोडजवळील रॉयल ऑपेरा हाऊसचें उद्घाटन इ. स. १९११ मध्यें पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्तें झालें, तें इ. स. १९९३ मध्यें बंद पडलें व इ. स. २०१६ मध्यें जीर्णोद्धार होऊन पुन्हां उघडलें. त्याच्या घुमटाचें व बॉक्सांचें वर्णन सर्वत्र वाचावयास मिळतें. अशा प्रत्येक वास्तूच्या मागील भागाची नोंद करण्यास फार साधनें लागत नाहींत. मापाची फीत, वही व थोडा वेळ पुरे. नेपथ्याचें क्षेत्र एकंदर वास्तूच्या कितवा हिस्सा आहे. मागलें दार कोणत्या गल्लींत उघडतें. स्त्रियांचा रंगपट स्वतंत्र आहे काय. पाणी व शौचकूप यांची सोय कोणत्या बाजूस आहे. मध्यंतरांतील बटाटावडा कोठें तळला जातो व तळणारा कोठें बसतो. तिसरी घंटा कोण देतो व किती वर्षें देत आला आहे : एवढ्या प्रश्नांचीं उत्तरें वेळींच टिपून ठेवलीं, तर पुढील संशोधकास त्या वास्तूचा चौथा हिस्सा तरी शिल्लक मिळेल. जुन्या उपाहारगृहांस व उरल्यासुरल्या खानावळींसहि हेच प्रश्न लागू आहेत.

शिलालेख व ताम्रपट वांचणाऱ्या संशोधकांस हें काम हलकें वाटूं नये. ताम्रपटावर दान देणाऱ्याचें नांव मोठ्या अक्षरांत असतें. पण अखेरीस तो लेख कोरणाऱ्या कारागिराचें नांवहि पुष्कळदां सांपडतें व कालनिर्णयास तेंच उपयोगीं पडतें. आमच्या नाट्यगृहांच्या व अन्नगृहांच्या पटावर तें शेवटलें नांव घालावयाचें राहून गेलें आहे. भरतानें नेपथ्याचें रक्षण मित्राकडे सोंपविलें होतें. तें काम आतां आमच्याकडे आलें आहे, आणि त्याची सुरुवात मागल्या दाराची कडी वाजवून करावयाची आहे.